लखमा लोहाराचा अर्धा आटा

साखऱ्यात कुणाची सोयरीक मोडली की म्हातारी माणसं म्हणायची, "लखमाकडनं आवळून घ्यायची व्हती." लखमा लोहाराच्या हाताची तशी ख्यातीच होती. गावात लोखंडी नांगर आले तेव्हापासून त्यांचे नट आवळायचं काम त्याच्याकडं आलं, आणि त्यानं एकदा आवळलेला नट नांगर मोडला तरी सुटत नसे. फाळ बदलायचा तर पुन्हा त्याच्याच दारात जावं लागे. काही लोक म्हणत, यातच त्याचं पोट आहे. पण लखमाला पोटाची एवढी अक्कल असती तर आणखी काय हवं होतं! त्याला मुळात ढिलं काही बघवतच नसे. कुणाच्या घरी गेला आणि बाजेची दोरी सैल दिसली, तर बसलेल्या पाहुण्याला उठवून हा ती ताणत बसे. त्याची बायको शकुबाई म्हणायची, "ह्यो मानूस झोपताना डोळेबी आवळूनच मिटतो."

बापानं धंदा शिकवताना त्याला आवळायचंही सांगितलं होतं आणि सोडवायचंही. लखमानं त्यातलं पहिलं तेवढं मनावर घेतलं. सोडवायची पाळी येते ती कच्च्या कारागिरावर, असं त्याचं म्हणणं.

त्याला पोर एकच, शालू. मुलगा नाही म्हणून शकुबाईनं पुष्कळ उपास केले, लखमानं एकही केला नाही. शालू सहा-सात वर्षांची झाल्यापासून भात्यावर बसायची. अंगात जोर बेताचा, म्हणून तिची एक लय पडून गेली होती. भात्याचे दोन ताणे लांब, मग दम खायला एक आखूड. फुस्स, फुस्स, फुस. लखमाला पाठमोरं असतानाही कळायचं की भात्यावर पोरगी आहे, बायको नव्हे.

ती फटफटी गावात आली तेव्हाही शालूच भात्यावर होती. सदतीस सालचा वैशाख, उन्हं डोक्यावर. लखमा एका बैलगाडीच्या धावेचा सांधा जोडत होता. धाव म्हणजे चाकावर चढवायची लोखंडी पट्टी. तिची दोन टोकं पांढरी होईपर्यंत तापवून एकमेकांत ठोकायची असतात. त्या घडीला लोहाराचा बाप जरी मेला तरी त्यानं वर बघू नये, कारण एक क्षण हुकला की सांधा गेला. नेमक्या त्याच घडीला दारात फट् फट् आवाज झाला. खाकी कपड्यांतला, डोळ्यांना मोठा काळा चष्मा लावलेला एक परका माणूस उतरला. वऱ्हाडाकडून आला असावा. त्याचं नाव कुणी विचारलं नाही, आणि पुढं विचारायची सोय राहिली नाही.

"मिस्त्री, जरा हात लावा. मागच्या चाकाचा नट ढिला झालाय."

"थांबा सायेब. सांदा लागून राहिला. एवढं झालं की येतो."

माणूस थांबला. शालूनं एका हातानं भात्याचा दांडा ओढत दुसऱ्या हातानं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. तो घटाघटा प्याला, तिच्याकडं बघून हसला, म्हणाला, "मार पोरी, मार. थांबू नको." मग त्यानं सूर्याकडं पाहिलं, पुढं बघतो म्हणाला आणि निघून गेला. लखमानं मान वर केली तेव्हा दारात धूळ तेवढी होती.

गावाच्या शिवेवर, हाकेच्या अंतरावर एक मोठा कडुलिंब आहे. तिथवर फटफटीचा आवाज ऐकू आला आणि एकाएकी थांबला. गावानं म्हटलं, सावलीत बसला असेल. दिवस कलल्यावर हरिचंद धनगर मेंढरं घेऊन तिकडून आला, तो धावतच. चाक निखळून बाजूला पडलं होतं, आणि माणूस शिवेच्या दगडावर डोकं टेकून निजल्यासारखा होता. चष्मा फुटलादेखील नव्हता.

प्रेत सरकारी माणसं घेऊन गेली. फटफटी न्यायला मात्र कुणी वारस आला नाही. ती लिंबाला टेकवून ठेवली, ती तशीच राहिली.

महिनाभरानं हरिचंदानं भर दुपारी तिथं आवाज ऐकला. फट्. थांबून पुन्हा फट्. कुणीतरी पायानं झटका मारून यंत्र चालू करायला बघतंय, आणि ते होत नाही. मागून कुणी म्हणालं, "मिस्त्री, जरा हात लावा." हरिचंदानं मागं पाहिलं नाही, म्हणूनच तो सांगायला उरला, असं तो सगळ्यांना सांगायचा. आधी लोक हसले. मग एकेक करून आणखी चौघांनी ऐकलं. साखऱ्याची माणसं रात्रीला भीत नाहीत, शेतात जागल करायची सवय असते. दुपारचं मात्र वेगळं. टळटळीत ऊन, पान हलत नाही, दारं लोटलेली, कुत्रीसुद्धा गप, आणि त्या शांततेत शिवेवरून तेवढं एक फट्. गावाला दुपारची झोप लागेनाशी झाली.

तेव्हा पोलीस पाटील तातेरावांनी तांड्यावरून भावसिंग भगताला बोलावलं. भावसिंगानं फटफटीभोवती फेरी मारली, जमिनीला कान लावला आणि म्हणाला, "ह्यो कुनाला झोंबायला आला न्हाई. कामाला आलता. काम राहिलं. त्याचं काम करा, पन असं करा की त्यानं पुन्हा सांगायला येऊ नये."

काम लखमाचं होतं. तो भाता आणि कोळसे घेऊन लिंबाखाली गेला. निखळलेलं चाक त्यानं बसवलं. नट गाडीवाटेत मातीत सापडला होता. तो त्यानं लालबुंद तापवला, कारण तापलेलं लोखंड फुगतं आणि निवलं की मिठी मारतं. धाव चाकावर चढवतात ती याच युक्तीनं. तापलेला नट पान्यानं फिरवत फिरवत तो शेवटपर्यंत घेऊन गेला. भावसिंगानं वर मिठाचं आणि लिंबाच्या पाल्याचं पाणी ओतलं. चर्रर्र झालं. भगत म्हणाला, "बोल, सुटू नको."

लखमा छाती भरून म्हणाला, "सात जल्म सुटू नको."

आवाज बंद झाला.  गाव दर अमावस्येला त्या नटावर तेल-शेंदूर चढवू लागलं, नारळ फुटू लागले. लखमाला मात्र त्यात देवाचं काही वाटत नसे. पाहुणा आला की तो त्याला लिंबाखाली नेई आणि म्हणे, "बघा, भूत आवळून ठेवलंय म्या." एवढा माज चांगला नव्हे, हे त्याला शकुबाईनं पुष्कळदा सांगितलं होतं.

वर्षं गेली. शालूचं लग्न सेनगावच्या पलीकडं झालं. भावसिंग भगत म्हातारपणानं गेला. अठ्ठेचाळीस सालच्या वैशाखात शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि एके दिवशी तिसऱ्या प्रहरापासून कळा देऊ लागली. रात्र गेली, सकाळ गेली, मूल येईना. हिंगोलीला दवाखाना होता, पण ते दिवस रझाकारांचे. वाटेवर कोण भेटेल त्याचा नेम नाही, आणि अडलेल्या बाईला घेऊन गाडी जुंपायला कुणी धजेना.

गावची सुईण अमिनाबी. निम्मं साखरा तिच्या हातावर आलेलं, लखमाची शालूसुद्धा. ती रात्रीपासून शालूच्या उशाशी बसली होती. बाई अडली की घरातलं बांधलेलं सगळं सोडायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. हिंदूच्या घरात तीच, मुसलमानाच्या घरात तीच. अमिनाबीनं हुकूम सोडला आणि शकुबाईनं घर मोकळं करायला घेतलं. पेटीचं कुलूप काढलं. कणगीचं झाकण काढलं. पाळण्याची दोरी, गाठोडी, बाजेची दावण, सगळं सोडलं. स्वतःचे केस सोडले. गाय, शेळी दाव्यातून मोकळ्या केल्या. शेजाऱ्यांनीही आपापली कुलपं उघडली, जनावरं सोडली, त्यामुळं गल्लीभर गुरं हिंडायला लागली आणि एका रेड्यानं कुणाचं तरी वाळवण फस्त केलं. लखमानं पागोटं उलगडलं, बंडीचे बंद सोडले. धोतराची गाठ सोडायला सांगितली तेव्हा तो एका हातानं धोतर धरून उभा राहिला. दुसरी वेळ असती तर बायका हसून लोळल्या असत्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

सूर्य डोक्यावर यायला लागला. शालूचा आवाज बसत चालला होता. अमिनाबी बाहेर आली. तिच्या हाताकडं लखमानं पाहिलं नाही.

"लखमा, लेकरू आडून बसलंय. अजून कायतरी बांधेल हाय."

"सगळं सोडलं, बी. घरात गाठ न्हाई राहिली."

"घरात न्हाई. तू तुझ्या हातानं बांधेल हाय, तोंडानं बोलून बांधेल हाय. याद कर बराबर."

लखमाची नजर शिवेकडं गेली. त्याला आठवावं लागलंच नाही. सात जल्म सुटू नको, हे त्याचेच शब्द होते. आणि सायबाला जिनं पाणी दिलं ती पोरगी त्याचीच होती.

"भावसिंग तर गेला," तो म्हणाला. "त्यानं बांधलं, त्यानंच सोडावं लागतं."

"मंतर त्याचा व्हता. हात तुझा व्हता. हात तर हाय ना जित्ता?" अमिनाबी म्हणाली. "जा. आन् ध्यानात ठेव, आता कायबी आवळू नको. तिकडं तू आवळशील तर इकडं ती आवळंल."

त्यानं हातभाता, घमेल्यात निखारे, दोन जाड सळया, पाना, हातोडा आणि मेणाचा गोळा उचलला. वेशीत तातेराव पाटील आडवे आले. पाटील मनाचे वाईट नव्हते, पण गाव म्हणजे आपलं खातं असं मानणारे.

"कुठं निघाला? ते सोडायचं न्हाई, लखमा. एका घरासाठी सगळ्या गावावर बला आनतो काय?"

"पाटील, तुमची लेक असती तर?"

पाटलांना दोन लेकी होत्या.  ते थोडं बाजूला झाले, पण सोबत कुणाला पाठवलं नाही, आणि लखमा वेशीबाहेर पडताच त्यांनी स्वतःच्या घराचं दार लावून घेतल्याचा आवाज त्याला ऐकू आला.

लिंबाखाली ऊन पडत नव्हतं, तरी गारवा नव्हता. फटफटी होती तशीच होती. टायर कुजून सुकलेल्या चामड्यासारखे झाले होते, बैठकीतून गवत आलं होतं. नट मात्र दिसतच नव्हता. वर्षानुवर्षांच्या शेंदरानं त्या जागी नारळाएवढा गोळा झाला होता, आणि कुणीतरी हौसेनं त्याला दोन चांदीचे डोळे बसवले होते. ते डोळे लखमाकडं बघत होते. त्यानं हात जोडले, मग हातोडा मारला. शेंदराची खोळ थराथरानं सुटून पडली. डोळे मातीत पडले, तरी एक उताणा पडून वरच बघत राहिला. लखमानं त्यावर पान झाकलं.

आतला नट त्यानं बोटानं चाचपला. मिठाच्या पाण्यानं आपलं काम केलं होतं. नट कुठं संपतो आणि चाकाचा आख कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं, गंजानं दोन्हीचं एक करून टाकलं होतं. असा नट दुसऱ्या कुणी आवळला असता तर लखमानं त्याची पाठ थोपटली असती.

गावातून शालूची किंकाळी आली. बारीक, पण स्पष्ट. दुपारच्या त्या शांततेत दुसरा आवाजच नव्हता.

त्यानं खड्डा उकरून निखारे टाकले, भाता मारला, सळया लाल केल्या. एक सळई नटाला लावायची, ती निवली की दुसरी. नट तापला पाहिजे, आख तापता कामा नये. फट दिसली की मेण लावायचं, ते पातळ होऊन आत शिरतं. सगळं त्यानं केलं. मग पाना लावला, पाय चाकाला रोवला आणि ओढलं. नट हलला नाही. पुन्हा तापवलं, पुन्हा ओढलं. पाना घसरला आणि नटाचा एक कोपरा झिजला. आणखी दोन कोपरे झिजले असते तर पान्याला धरायला काही उरणार नव्हतं. लखमाच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हाताचा राग आला, एवढा की तो हात त्यानं दगडावर आपटला.

आणि तेव्हा त्याला बाप आठवला. धंदा शिकवताना बापानं सांगितलेलं ते दुसरं, त्यानं मनावर न घेतलेलं. "गंजलेला नट म्हंजी रुसलेला मानूस. त्याला सुट म्हनलं तर सुटत न्हाई. आधी त्याच्या मनासारखं कर. केसभर आवळ. गंजाची मिठी तिथंच मोडती. मंग सोड."

आधी आवळ.

लखमाचे हात पान्यावरून खाली आले. अमिनाबीनं बजावून सांगितलं होतं, तू आवळशील तर इकडं ती आवळंल. कारागीर म्हणून त्याला पक्कं ठाऊक होतं की आवळल्याशिवाय हा सुटणार नाही. बाप म्हणून त्याला पक्कं वाटत होतं की आवळला तर पोरगी जाईल. दोन्ही खरं होतं, आणि सांगायला, विचारायला तिथं कुणी नव्हतं. शालू पुन्हा किंचाळली. या वेळी आवाज अर्ध्यातच फाटला.

"सायेब," तो लिंबाच्या सावलीला म्हणाला, "त्या दिवशी तुमी मला हाक मारली, म्या थांबा म्हनलो. आज म्या हाक मारून राहिलो. तुमी थांबा म्हनू नका."

पान हललं नाही. लखमानं पाना लावला, डोळे मिटले आणि केसभर आवळला.

कट्ट.

आवाज केवढासा, वाळकी काडी मोडावी एवढा. आणि त्याच क्षणी गावातून येणारी किंकाळी थांबली.

लखमा ऐकत राहिला. काहीच नाही. होला घुमत नव्हता, शेळी ओरडत नव्हती. त्याला वाटलं, आपण पोरीला आपल्या हातानं मारलं. त्याला धावत सुटायचं होतं, पण पाना हातात होता. तो येड्यासारखा उलटा ओढायला लागला. नट सरकला, अगदी थोडा, आणि पुन्हा अडकला. आणखी एकदा तापवायला हवा होता. त्यानं पाठ न वळवता अंदाजानं मागं हात नेला. खड्ड्यातून आच लागत नव्हती. निखारे राखेला आले होते. भाता मारायला जावं तर पाना सोडावा लागणार, पाना सोडला तर नट निवून पुन्हा धरणार. दोन हातांच्या माणसाचं ते काम नव्हतं.

तेवढ्यात मागं भाता चालू झाला.

फुस्स. फुस्स. फुस.

 वारा नव्हता. वाटेनं कुणी आलं नव्हतं, वाळल्या पाल्यावर पाऊल वाजलं असतं. दोन ताणे लांब, मग दम खायला एक आखूड. ही लय जगात एकाच माणसाची होती. आणि जे माणूस तिकडं बाजेवर पडलंय ते इकडं भात्यावर कसं येतं, हे साखऱ्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मेलेलं माणूसच असं येतं.

तो वळला नाही. वळलो तर ती जाईल, असं त्याला वाटलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो समोर नटाकडं बघत होता. पाठीला आच लागायला लागली. दुसऱ्या कुणाची तरी सावली त्याच्या सावलीशेजारी पडल्यासारखी वाटली, उभी, हात मागं बांधलेली, काम बघणाऱ्या माणसाची. लखमानं तिकडंही पाहिलं नाही. त्यानं मागं हात घालून सळई उचलली. ती पांढरी झाली होती, एवढी त्याच्यानं स्वतः भाता मारूनही झाली नव्हती. ती नटाला लावली, टाकली, पाना घातला.

"मार, माय," तो हळूच म्हणाला. "थांबू नको."

नट सुटला. अर्धा फेर, एक फेर, मग बोटांनी फिरेल असा. शेवटच्या आट्यावरून, म्हणजे आतल्या शेवटच्या चरीवरून, तो घसरला आणि लखमाच्या तळहातावर पडला. हात भाजला, पण त्यानं टाकला नाही. एवढी वर्षं जखडलेलं चाक आपणहून फिरू लागलं, सावकाश, आऱ्यांतलं गवत तुटत, एक पुरा फेरा घेऊन थांबलं. भाता थांबला होता.

मग त्यानं मागं पाहिलं. हातभाता आडवा पडला होता, त्यानं ठेवला होता तसाच. खड्ड्यातले निखारे मात्र रसरसलेले होते.

तो घराकडं कसा आला ते त्याला कधी सांगता आलं नाही. दारात बायका गप उभ्या होत्या. त्यांच्यातून वाट काढताना त्याचं धोतर सुटलं तरी त्याला भान नव्हतं. आणि मग आतून आवाज आला, चिडलेला, कोवळा, थांबायचं नाव न घेणारा. लखमा उंबऱ्यावरच बसला.

अमिनाबी हात धुऊन बाहेर आली. "नात हाय. चांगली धडधाकट." मग त्याच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाली, "शालूबी हाय. डर नको."

"तिचं वरडनं थांबलं तवा मला वाटलं..."

"म्याच थांबवलं. पोरगी नुसती वरडून दम घालवून राहिली. म्या म्हनलं, वरडू नको, दम आवळ. तिनं दम आवळून धरला बघ, तवा लेकरू हललं. मंग सोड म्हनलं. सुटलं."

लखमानं मुठीतला नट बघितला. तो अजून गरम होता. आपण काय केलं ते त्यानं अमिनाबीला सांगितलं नाही.

शालूला बोलायची ताकद सांजच्याला आली. बाप उशाशी बसला होता. ती म्हणाली, "आबा, माझे खांदे लई भरून आले."

"व्हय गं, माय. लई तरास झाला."

"तसं न्हाई. भाता मारून." तिनं डोळे मिटले. "लिंबाखाली तुमी पाठमोरे व्हते. म्या भाता मारून राहिले. तो काळ्या चष्म्याचा सायेब माझ्यापाशी उभा व्हता. म्हनला, मार पोरी, मार, थांबू नको. मला थांबूच देईना."

शकुबाईनं भानामती, भानामती म्हणून मिठानं तिची नजर काढली. लखमा उठून बाहेर गेला आणि कुणाला दिसणार नाही असा गोठ्यात उभा राहून पोटभर रडला. तांब्याभर पाणी दिलं होतं पोरीनं. माणसं खाल्ल्या मिठाला जागत नाहीत, आणि हा सायेब पाण्याला जागला.

पाचवीच्या दिवशी तो पुन्हा लिंबाखाली गेला. मागून तातेराव लांबून बघत होते. लखमानं नट घासून लख्ख केला, तेल लावलं, आखावर चढवला आणि फक्त बोटांनी फिरवला. बसला तिथं अर्धा आटा मागं घेतला. पाना त्यानं घरूनच आणला नव्हता. "सायेब, एवढाच," तो म्हणाला. "आता तुमीबी मोकळे, आमीबी."

गावावर काही बला आली नाही. भर दुपारी कधीकधी शिवेवरून फट् फट् असा आवाज येतो, थांबत नाही, लांब लांब जातो. लोक कूस बदलतात आणि म्हणतात, सायेब चालला.

लखमाचं मात्र एक झालं. त्या दिवसापासून त्यानं कुठलाही नट शेवटपर्यंत आवळला नाही. अर्धा आटा राखायचा. "ह्यो अर्धा आटा कुनाचा?" असं कुणी चेष्टेनं विचारलं तर म्हणायचा, "माझ्या लेकीचा." लोकांनी नावं ठेवली. हात गेला म्हाताऱ्याचा म्हणाले, येड लागलं म्हणाले. पण ढिला नट काय करतो हे लखमानं एकदा पाहिलं होतं, ते तो विसरला नव्हता. घट्ट आवळणाऱ्याला पुन्हा बघायला यावं लागत नाही. अर्धा आटा राखणाऱ्याला रोज यावं लागतं.

म्हणून तो रोज दुपारी, सगळं गाव झोपलं की बाहेर पडे. दारादारातल्या गाड्या, गोठ्यातले नांगर, एकेक नट बोटांनी चाचपून बघे, सैल वाटला तर जरा फिरवी. नात चालायला लागल्यावर तिला खांद्यावर घेऊन जाई. शेवटी शिवेवरच्या लिंबाखाली जाऊन त्या चाकाचा नट बोटांनी बघे, शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवी, आणि उन्हातून घरी येई.